लाभार्थी कोण?

(शिराळा येथे जानेवारी २०२५ मध्ये झालेल्या स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यान. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात मी तीन वर्षं बसलो. ते गणित शिकवायचे. उत्तर बरोबर आलं म्हणून ते कधी सोडून देत नसत. फळ्यापाशी उभं करून विचारायचे, ‘हातचा कुठून आला, ते सांग.’ पत्रिकेवर आजचा विषय ‘विषमता आणि कल्याणकारी राज्य’ असा छापला आहे. मोठा विषय आहे. मी तो गुरुजींच्या त्या एका प्रश्नाला धरून मांडणार आहे. सरकार गरिबाच्या हातात काही ठेवतं, तेव्हा त्यातला हातचा कुठून येतो?

सुरुवात तुमच्याच खिशापासून करू. इथं शिक्षक आहेत, बँकेतली मंडळी आहेत, पंचायत समितीतले कर्मचारी आहेत. पुढच्या महिन्यात तुमच्या पगारातून व्यवसाय कराचे तीनशे रुपये कापले जातील. एरवी दोनशे कापतात. अकरा महिने दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे, असे वर्षाचे अडीच हजार होतात. राज्यघटनेच्या अनुच्छेद २७६ नं या कराची कमाल मर्यादाच अडीच हजार ठेवली आहे, म्हणून हा फेब्रुवारीचा हिशेब. हा कर कशासाठी सुरू झाला, असं मी गेल्या काही वर्षांत अनेक पगारदार मित्रांना विचारलं. एकालाही सांगता आलं नाही. तो १९७५ साली सुरू झाला, रोजगार हमीसाठी. मुंबईतल्या कारकुनानं, वकिलानं, दुकानदारानं विसापूर-आटपाडीकडच्या मजुराच्या मजुरीसाठी दर महिन्याला काही रक्कम द्यायची, अशी ती व्यवस्था होती.

विसापूर मी मुद्दाम म्हणालो. आपल्याच जिल्ह्यातलं, तासगाव तालुक्यातलं ते गाव. तिथले वि. स. पागे १९६० पासून १९७८ पर्यंत विधान परिषदेचे सभापती होते. त्याच खुर्चीवर पुढं आपल्या कोकरूडचे शिवाजीराव देशमुख बसले, हे शिराळ्यात वेगळं सांगायला नको. पागे गांधींच्या वाटेवरचे, स्वातंत्र्यलढ्यातून आलेले. ज्याच्याकडं अंगमेहनतीखेरीज विकायला काही नाही आणि जो काम करायला तयार आहे, त्याला काम देणं हे सरकारवर बंधनकारक असलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह. १९६५ च्या सुमारास तासगाव तालुक्यात त्याचा प्रयोग झाला. मग मुख्यमंत्री वसंतराव नाईकांच्या काळात ही कल्पना राज्याच्या कार्यक्रमात आली आणि त्याच वेळी १९७२ चा दुष्काळ अंगावर आला.

माझ्या आईचं माहेर खानापूर तालुक्यातलं. माझ्या जन्माच्या आधी त्या दुष्काळात ती आजीबरोबर खडी फोडायला गेली होती. लाल मिलो, म्हणजे दुष्काळात वाटलेली आयात ज्वारी, आणि सुकडी, म्हणजे कामावर मिळणारा कोरडा पोषक आहार, हे शब्द मी तिच्याकडून ऐकले. मिलोची भाकरी थापताना कशी तुटायची, हे ती हातानं करून दाखवायची. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात जवळजवळ पन्नास लाख माणसं अशा कामांवर होती. अर्थशास्त्रज्ञ ज्याँ द्रेझ यांनी या दुष्काळाचा पुढं बारकाईनं अभ्यास केला. धान्याचं उत्पादन एवढं कोसळूनही मोठी प्राणहानी टळली ती मुख्यतः या कामांमुळं आणि त्यातून हातात पडलेल्या मजुरीमुळं, असा त्यांच्या मांडणीचा रोख आहे. आईला द्रेझ ठाऊक नव्हते. ती म्हणायची, ‘हजेरीपटावर नाव लागलं की त्या दिवसापुरती भीती जायची.’

दुष्काळ सरला तरी योजना राहिली. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी एकमतानं केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. व्यवसाय कर, मोटारींवरचा जादा कर, विक्रीकरावरचा अधिभार, बागायती जमिनीवरचा कर, असं जे काही गोळा होईल तेवढीच रक्कम राज्यानं आपल्या तिजोरीतून त्यात घालायची आणि त्याचा वेगळा निधी ठेवायचा. शहरी आमदारांनीही हे मान्य केलं. त्यात भूतदया होतीच. शिवाय गावात काम मिळालं तर माणसांचे लोंढे मुंबईच्या फुटपाथवर येणार नाहीत, हा हिशेबही होता. हिशेब असण्यात मला काही गैर दिसत नाही. शहराला गावाकडून स्वस्त धान्य, स्वस्त मजूर आणि भाजीपाला मिळतो, मग दुष्काळाच्या वर्षी शहरानं हात झटकायचे नाहीत, एवढंच ते होतं. देशाचा रोजगार हमी कायदा २००५ साली झाला. त्याच्या मागं आपल्या जिल्ह्यातलं हे तीस-चाळीस वर्षांचं काम उभं होतं.

आता वडिलांकडं येतो. आमची वाडी गुढे-पाचगणीच्या पठाराकडची. पावसाळ्यात भात आणि नाचणी, नंतर आठ महिने काही नाही. त्यामुळं घरटी एक माणूस मुंबईत. पाटण, जावळी, शिराळा, शाहूवाडी, या सगळ्या डोंगरपट्ट्याची हीच गत होती. कुणी गिरणीत, कुणी गोदीत आणि ज्यांना तिथं शिरकाव मिळाला नाही ते मशीद बंदरला पाठीवर पोती वाहायला. वडील तिथं होते. गावकीच्या गाळ्यात पाळीपाळीनं झोपायचं, खानावळीत जेवायचं आणि सकाळी लोखंडी आकडा घेऊन पेढीसमोर उभं राहायचं. त्यांच्या मानेच्या मुळाशी घट्टा पडला होता. लहानपणी मी त्यावर बोट फिरवायचो, मला तो त्यांच्या शरीराचाच भाग वाटे.

माथाडी म्हणजे माथ्यावर ओझं वाहणारा. त्याची अडचण गिरणी कामगारापेक्षा वेगळी होती. गिरणी कामगाराला मालक होता. माथाडीला सकाळी एक पेढी, दुपारी दुसरी, संध्याकाळी ट्रकवाला. पोतं अंगावर पडून पाय मोडला तर कोणाकडं जायचं? प्रत्येक जण म्हणणार, हा माझा कामगार नव्हे. कायद्याच्या भाषेतही ते खरंच होतं. पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे अण्णासाहेब पाटील यांनी या माणसांची संघटना बांधली आणि १९६९ साली महाराष्ट्रानं माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा केला. त्या कायद्यातली युक्ती मला आजही थक्क करते. मालक एक नाही ना, मग मंडळ नेमा. मंडळात कामगारांचे, व्यापाऱ्यांचे आणि सरकारचे प्रतिनिधी. कामगाराची आणि व्यापाऱ्याची, दोघांचीही नोंदणी मंडळाकडं. व्यापाऱ्यानं मजुरी मंडळात भरायची आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही भरायची. त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, पगारी रजा, दवाखाना. पोतं कोणत्याही पेढीचं असो, ते उचलणाऱ्याचं म्हातारपण त्या पोत्याच्या किमतीत धरलं गेलं. जगात फार थोड्या ठिकाणी असंघटित कामगारासाठी इतकी विचारपूर्वक रचना झाली आहे. तिच्या नावावर खंडणी गोळा करणारे बोगस माथाडी पुढं निपजले, हे मला ठाऊक आहे आणि ते लपवून बोलण्यात अर्थ नाही. पण मी शाळा-कॉलेज शिकलो ते त्या मंडळाच्या खात्यात वडिलांच्या नावावर जमा झालेल्या पैशांवर. आमच्या घरात पहिलं पासबुक आलं ते त्यांचं.

तिसरा कायदा थोडक्यात सांगतो, कारण त्याचं पाणी तुमच्या दारापर्यंत आलेलं आहे. चांदोलीला वारणेवर साधारण ३४ टीएमसीचं धरण झालं. वरची गावं उठली, काही धरणासाठी, काही अभयारण्यासाठी. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रानं १९७६ साली केला, देशात तसा तो पहिलाच. त्यात तत्त्व असं होतं, की ज्यांच्या शेतात धरणाचं पाणी जाणार त्या लाभक्षेत्रातल्या मोठ्या जमीनधारकांकडून काही जमीन घ्यायची आणि ती ज्यांची जमीन बुडाली त्यांना द्यायची. ‘आधी पुनर्वसन, मग धरण’ ही घोषणा त्यानंतरच्या लढ्यांतली. प्रत्यक्षात काय घडलं ते या सभागृहात माझ्यापेक्षा जास्त माहीत असलेले लोक बसलेले आहेत. जमीन कागदावर मिळाली आणि ताबा मिळाला नाही. मिळाली ती खारवट निघाली. धरणग्रस्तांची नोंद असलेल्या संकलन रजिस्टरमध्ये एका भावाचं नाव आलं, दुसऱ्याचं राहिलं आणि ते दुरुस्त करण्यात एक पिढी गेली.

हे तीन कायदे, १९६९, १९७६ आणि १९७७ चे, शेजारी शेजारी ठेवले की मला त्यांत एकच विचार दिसतो. कोणाचा फायदा कोणाच्या अंगावर उभा आहे, हे त्यांनी शोधून काढलं आणि ते नातं कायद्यात लिहून टाकलं. व्यापाऱ्याचा नफा हमालाच्या मानेवर, म्हणून लेव्ही व्यापाऱ्यावर. बागायतदाराचं पाणी धरणग्रस्ताच्या बुडालेल्या घरावरून आलं, म्हणून जमीन बागायतदाराची. शहराची समृद्धी गावाच्या स्वस्ताईवर, म्हणून कर शहरावर. आणि मग शब्दाकडं पाहा. धरणाच्या कागदपत्रांत ‘लाभक्षेत्र’ म्हणजे पाणी मिळणारं क्षेत्र आणि ‘लाभधारक’ म्हणजे पाणी मिळणारा शेतकरी. तिथं शब्द अगदी योग्य माणसाला लागला होता. आज ‘लाभार्थी’ कोणाला म्हणतात? ज्याला रेशनवर पाच किलो धान्य मिळतं त्याला. घरकुल मिळतं त्याला. शब्द धरणाच्या खालच्या अंगाकडून वरच्या अंगाला गेला आणि जाताना हिशेब पुसून गेला.

हा हिशेब पहिल्यांदा स्वच्छ मांडला तो मूळच्या साताऱ्याकडच्या, खटाव तालुक्यातल्या कटगुणच्या घराण्यातल्या माणसानं. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढं दिलेल्या निवेदनात सांगितलं, की सरकारचा महसूल मुख्यतः रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या वाट्याला जातो. रयत देणारी आहे आणि तिलाच घेणारी समजलं जातं, हे त्यांचं म्हणणं. आपण फुल्यांना शिक्षणाचे पुरस्कर्ते म्हणून मानतो, ते बरोबरच आहे. पण त्यांच्या त्या निवेदनात सार्वजनिक पैशाचं एक शास्त्रही आहे आणि त्याकडं आपलं दुर्लक्ष झालं.

फुल्यांनंतर पाऊणशे वर्षांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये, म्हणजे जिथं बाबासाहेब आंबेडकर शिकले त्याच संस्थेत, रिचर्ड टिटमस नावाचे प्राध्यापक हेच वेगळ्या शब्दांत मांडत होते. विद्यापीठाची पदवी नसलेला हा माणूस १९५० पासून १९७३ पर्यंत तिथं समाजधोरणाच्या अध्यासनावर होता. ते म्हणत, की आपण ज्याला मदत किंवा सवलत म्हणतो त्यातली पुष्कळशी मुळात नुकसानभरपाई असते. समाजाची प्रगती होते तेव्हा तिची किंमत काहींच्या अंगावर पडते. कोणाचं कौशल्य जुनं ठरतं, कोणाचं घर पाडलं जातं, कोणाला कामावरचा आजार जडतो. हे नुकसान नेमकं कोणी केलं हे दाखवता येत नाही, म्हणून समाजानं मिळून ते भरायचं. इंग्लंडमध्ये १९४२ च्या बेव्हरिज अहवालानंतर जे कल्याणकारी राज्य उभं राहिलं, त्याचा नैतिक पाया टिटमस इथं शोधत होते. चांदोलीच्या धरणग्रस्ताला हे समजावून सांगावं लागणार नाही.

माथाडी आणि पुनर्वसनाच्या कायद्यांचं काय झालं ते मघाशी आलंच. आता रोजगार हमीचं काय झालं तेही नीट बघितलं पाहिजे. नाहीतर मी जुन्या दिवसांचं कौतुक करायला आलोय, असा समज होईल.

रोजगार हमीतून पाझर तलाव झाले. खोदले भूमिहीनांनी, त्यांत बायका मोठ्या संख्येनं. टोपलीनं माती वाहिली, घनमीटरवर मोजून मजुरी घेतली आणि मोजमापात कापाकापी झाली तर मुकाट्यानं घरी गेल्या. तलाव भरला, तेव्हा पाणी वाढलं ते खालच्या अंगाच्या विहिरींना. विहीर ज्याची, ऊस त्याचा. पुन्हा विचारा: लाभार्थी कोण? १९८२ चा गिरणी संप फसल्यावर खानापूर तालुक्यात परतलेले कामगार आणि रोजगार हमीवरचे मजूर एकत्र आले, त्यातून मुक्तीसंघर्ष चळवळ उभी राहिली. त्यांचा सवाल फार मूलगामी होता. दरवर्षी आम्ही खडी फोडणार आणि दरवर्षी दुष्काळ पडणार, हे कुठवर? आमच्या श्रमातून दुष्काळच हटेल असं काम द्या, आणि जे पाणी अडेल ते घराघराला सारखं वाटा. बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी येरळेच्या पात्रात बळीराजा धरण बांधलं ते याच विचारातून. नदीतली वाळू ठेकेदारानं उपसायची आणि गावानं बघत बसायचं, हे त्यांनी नाकारलं. तीच वाळू विकून धरणाला पैसा लावला. मजुरीवर गेलेल्या माणसांनी कामाचा हेतू विचारायला सुरुवात केली, हे मला रोजगार हमीचं सगळ्यात मोठं फळ वाटतं. शासनाच्या कोणत्याही मूल्यमापनात ते मोजलं गेलेलं नाही.

दुसरी गोष्ट १९८८ ची. त्या वर्षी रोजगार हमीवरची मजुरी किमान वेतनाच्या बरोबरीनं वाढवली गेली. न्याय्यच होतं. पण त्यानंतर कामावरची संख्या झपाट्यानं घसरली. मार्टिन रॅव्हेलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी या अर्थशास्त्रज्ञांनी आकडे तपासले, तेव्हा मजुरांची मागणी असूनही कामं पुरेशी उघडली जात नव्हती, हे दिसलं. मजूर महाग झाला की मागेल त्याला काम देणारं सरकार कामच कमी काढतं. कर मात्र चालू राहिला. पगारातून तो कापला जात होता, निधीत शिल्लक साठत होती आणि मजूर तहसील कचेरीच्या पायरीवर बसलेला होता. आमच्या नात्यातली एक बाई कामाची मागणी लेखी द्यायला एका कार्यालयात तीनदा गेली. अर्ज घेतला, पण पोच दिली नाही. पोच नाही म्हणजे काम देण्याची पंधरा दिवसांची मुदत सुरूच होत नाही आणि बेकारी भत्ताही लागू होत नाही. कायदा मारायला एवढं पुरतं.

तरीही तिथं भांडायला जागा होती. पोच का देत नाही, असं विचारता येत होतं, मोर्चा नेता येत होता, कोर्टात जाता येत होतं. आता गेल्या जुलैत सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेकडं याच नजरेनं पाहू.

एकवीस ते पासष्ट वयाच्या, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेल्या बाईच्या खात्यात महिन्याला दीड हजार. दोन कोटींहून जास्त बायका. सुरुवातीलाच वर्षाचा खर्च ४६ हजार कोटींचा धरलेला. शहरातल्या काही मंडळींना हे ऐकून राग येतो, फुकट वाटप म्हणतात. मला तो राग पटत नाही. आमच्या वाडीतल्या एका चुलतीनं आयुष्यभर धुणंभांडी, राब, शेण, लावणी केली आणि बँकेचा संदेश तिच्या स्वतःच्या मोबाईलवर पहिल्यांदा आला तो या योजनेचा. तो तिनं मला तीनदा वाचायला लावला. त्या पैशातून तिनं डोळे तपासून घेतले. बाईच्या बिनमोल कामाचा मोबदला म्हणून कोणी हे पैसे देत असेल, तर दीड हजार फारच कमी आहेत.

पण ते तसे दिलेले नाहीत. योजना आली शासन निर्णयातून. कायदा झालेला नाही. कोणाच्या फायद्यातून हे पैसे येतात, हे कुठं लिहिलेलं नाही. ते सरकारकडून येतात, सरकार म्हणजे भाऊ, आणि बहिणीनं भावाकडून ओवाळणी घ्यायची असते, तिची पावती मागायची नसते. निवडणूक झाली, आता पडताळणीची भाषा सुरू झाली आहे. नाव वगळलं गेलं, तर ती चुलती काय म्हणून भांडणार? मजूर असती तर मी काम मागितलं होतं असं म्हणाली असती, माथाडी असती तर माझी लेव्ही जमा आहे असं म्हणाली असती, धरणग्रस्त असती तर माझी जमीन बुडाली आहे असं म्हणाली असती. बहीण म्हणून तिला यातलं काहीच म्हणता येत नाही. तिच्या श्रमाचं मोल तिच्याच नावावर कुठं तरी लिहिलं गेलं पाहिजे आणि ते कायद्यात लिहिलं गेलं पाहिजे, एवढीच माझी मागणी आहे. पैसे बंद करा असं कोणी म्हणालं तर मी त्याच्या विरोधात या बायकांबरोबर उभा राहीन.

आता शेवटचा आणि अवघड भाग. अवघड अशासाठी, की तो आपल्याबद्दल आहे.

आपला तालुका आता पूर्वीचा नाही. वारणा, मोरणा आणि वाकुर्डे योजनेच्या पाण्यानं माळ हिरवे झाले. ज्यांचे बाप मशीद बंदरला पोती वाहत होते, त्यांच्या शेतात आज ऊस उभा आहे. माझ्याही आहे, दीड एकर. हा ऊस तोडतं कोण? इथं येताना रस्त्याकडेला तुम्ही कोप्या बघितल्या असतील. बीडकडचे लोक आहेत, जतचे आहेत, विजापूरचे आहेत. नवरा-बायको मिळून एक कोयता. हिशेबात दोन माणसं एक धरली जातात आणि उचल, म्हणजे हंगामाची आगाऊ रक्कम, नवऱ्याच्या नावानं दिली जाते. यातल्या एका प्रकाराला आपण ‘डोकी सेंटर’ म्हणतो, म्हणजे मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. डोकी म्हणा की माथाडी म्हणा, शब्द तोच आहे. फरक इतकाच, की १९६९ साली मुंबईच्या माथ्याला कायदा मिळाला आणि आपल्या फडातल्या डोक्याला तो अजून मिळालेला नाही.

गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे. कारखान्यांनी टनामागे दहा रुपये द्यायचे आणि सरकारनं तेवढेच घालायचे, असं ठरलेलं आहे. त्यातून मुलांची वसतिगृहं व्हायची आहेत. विचार अगदी माथाडीचाच आहे, म्हणून मला त्याबद्दल आस्था आहे. आता गुरुजींच्या पद्धतीनं हातचा बघू. एका टनातून साधारण एकशे पाच किलो साखर निघते असं धरा. दहा रुपये म्हणजे किलोला साडेनऊ पैसे. चांगल्या हंगामात राज्यात दहा कोटी टन ऊस गाळला जातो, त्याचे शंभर कोटी, सरकारचे शंभर कोटी. तोडणी कामगार दहा लाख धरले, तर माणशी वर्षाला दोन हजार. त्यात दवाखाना, विमा, म्हातारपण, पोरांची शाळा बसवून दाखवा. हेच टनाला शंभर रुपये केले, तर साखर किलोमागं एक रुपयाहूनही कमी महाग होते. चहात एक रुपयाचा फरक कोणाला कळणार आहे? मंडळात नोंद झालेल्या एका कोयत्याच्या दोन्ही नावांवर मात्र वर्षाला वीस हजार जमा होतील, सरकारचा वाटा न धरता.

तुम्ही म्हणाल, आम्हीच नाडलेले आहोत. तोडणी-वाहतूक आमच्याच बिलातून वजा होते, वर टोळीला खुशाली म्हणून वेगळे पैसे द्यावे लागतात, वाहनाच्या खेपेला एंट्री द्यावी लागते, नाहीतर ऊस फडात वाळतो. खरं आहे, मीही दिली आहे. म्हणून तर मी ही लेव्ही शेतकऱ्याच्या बिलातून कापा असं म्हणत नाही. ती साखरेवर बसली पाहिजे, इथेनॉलवर बसली पाहिजे, म्हणजे जिथं लाभ गोळा होतो तिथं. व्यापाऱ्यावर बसलेली माथाडीची लेव्ही पुढं गिऱ्हाइकानं किमतीतून दिलीच, आणि कोणी मेलं नाही. कारखान्याच्या वार्षिक सभेत आपण सभासद म्हणून बसतो. उसाच्या दरावर बोलतो, ते बोललंच पाहिजे. त्याच सभेत नोंदणीचा ठराव कोणी तरी मांडायला हवा: कोयत्यातल्या दोघांची नावं वेगवेगळी, दोघांची खाती वेगवेगळी. गेल्या वर्षी जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. चांगली गोष्ट झाली. पण ती वाढ पोचते कोयत्याकडं, म्हणजे उचल घेणाऱ्याकडं.

माझ्याकडं येणारी वजनाची पावती मी सोबत आणली आहे. हिच्यावर माझं नाव आहे, गट नंबर आहे, वाहनाचा नंबर आहे, टनेज आहे, तोडणी कंत्राटदाराचं नाव आहे. ज्यांनी तोडला त्यांचं नाव नाही. परवा माझ्या फडात तोड सुरू होती. मी बांधावर उभ्या एका बाईला नाव विचारलं. तिनं मुकादमाचं नाव सांगितलं. मी म्हटलं, ‘बाई, तुमचं नाव विचारतोय.’ ती थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिली, कशासाठी विचारतोय याचा अंदाज घेत. मग तिनं कोयता खाली ठेवला, पदरानं तोंड पुसलं आणि स्वतःचं नाव सांगितलं. नवऱ्याचं, आडनाव, गाव, तालुका, जिल्हा, सगळं क्रमानं, एखाद्या कचेरीत सांगावं तसं. सांगून झाल्यावर ती थांबली. मी ते कुठं लिहून घेतोय का, ते ती बघत होती.